धूपवाल्यांचा ढुम

वयात येताना सगळ्याच मुलांचा आवाज फुटतो आणि कुठंतरी जाऊन थांबतो. माझ्या भावाचा थांबलाच नाही, खाली खालीच जात राहिला. तो दारातून ‘आई, भूक लागली’ म्हणाला की फळीवरची भांडी थरथरायची. हे मी वाढवून सांगत नाही. आमच्याकडे एक पितळी झाकण होतं, ते खरंच वाजायचं.

गोविंदा त्याचं नाव. आम्ही गडबचे, हायवेपासून आत भातशेतीच्या कडेला आमचं घर. दादा कंपनीत शिफ्ट करतो, मी पेणला ब्युटी पार्लर चालवते. मी तोंडाची फटकळ आहे हे आधीच सांगून ठेवते, नंतर कुणी नाक मुरडायला नको. दादा माझ्या अगदी उलट. चारचौघांत त्याला पाणी मागायचीसुद्धा लाज वाटते. आपला आवाज म्हणजे आपल्यातली काहीतरी खोट आहे, अशाच समजुतीत तो वाढला. शाळेत बाई म्हणायच्या, गोविंदा, प्रार्थनेला तू नुसते ओठ हलव. ती बाई आता भेटली तर चांगली सुनावेन तिला.

पार्लरमध्ये नवीन गिऱ्हाईक आलं की कधी ना कधी विचारतंच, ‘काय गो पिंकी, तो धूपवाला तुझाच भाऊ ना?’ आणि फिसकन हसतं. तिच्या भुवया त्या वेळी माझ्या दोऱ्यात असतात हे ती विसरते. पण मी काही करत नाही. ‘व्हय, माझाच,’ म्हणते आणि दोरा ओढते. मला हे म्हणता येतं. दादाला म्हणता आलं नाही, आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं.

आमच्या आळीत भजनी मंडळ होतं. काळुराम बुवा त्याचे म्होरके. दादा त्यात मागं बसून टाळ कुटायचा, तोंड मिटून. बुवा वारले तेव्हा बाराव्याला भजन करायचं ठरलं, कारण बुवांनी तसं सांगूनच ठेवलं होतं. पण आमच्याकडे सुतकाच्या घरात वाद्याला हात लावत नाहीत. पखवाज नाही, पेटी नाही, टाळसुद्धा नाही. बाकीच्या गावांचं मला माहीत नाही, आमच्यात हे असंच. शेजारचा आदेश, टेम्पो चालवतो, त्याचा गळा गोड. त्यानं बुवांनीच रचलेलं गाणं सुरू केलं आणि पहिल्याच कडव्याला सगळ्यांची लय सुटली. कुणी पुढं धावतंय, कुणी मागं राहतंय. बुवांची बायको पदर तोंडाला लावून बघत होती.

तेवढ्यात मागून आवाज आला, ढुम. मग परत, ढुम, ढुम-ढुम.

लोकांना वाटलं, कुणीतरी पखवाजाला हात लावला. दोघे म्हातारे तर रागानं उठलेच. बघतात तो पखवाज खुंटीला, आणि आमचा दादा मान खाली घालून, डोळे मिटून छातीतून ढुम काढतोय. आमचा चुलतभाऊ सुशील त्याच्या शेजारी होता, त्याला हसू आवरेना. हसू दाबायला म्हणून त्यानं जिभेनं टाळ धरला, चिक-चिक-चिक. मंडळातल्याच नितेशनं नाकातून पेटीचा सूर लावला. आणि गाणं सरळ झालं. संपलं तेव्हा बुवांची बायको म्हणाली, ‘नियम पण मोडला नाय आणि भजन पण झालं.’ त्या बाराव्यापासून हे चौघं एकत्र गायला लागले.

नितेश पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचा. रविवारी हे सगळे तिथं जमायचे, मूर्तींच्या मधल्या बोळात उभे राहायचे, कारण तिथं आवाज घुमायचा. शेजारी यज्ञेश सरांचा गाण्याचा क्लास होता. एकदा ते कानोसा घेत आत आले. म्हणाले, ‘अहो, तुम्ही जे करताय त्याला अमेरिकेत नाव आहे. तिकडची गरीब पोरं रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहून असंच गायची. एकानं गाणं म्हणायचं, बाकीच्यांनी तोंडानं साथ करायची. डू-वॉप म्हणतात.’ आणि त्यांनी मोबाइलवर ऐकवलं. त्यात एक खालचा आवाज होता. दादानं ते घरी येऊन मला आणि वहिनीला पुन्हा पुन्हा सांगितलं. ‘अगदी माझ्यासारखा हाय गो. आणि तो गप बसला की लोक टाळ्या वाजवायच्या थांबतात.’ आपल्यासारख्या आवाजाला जगात कुठंतरी काम असतं हे त्याला पस्तिशीत कळलं. त्या दिवशी तो जेवताना दोनदा हसला, एरवी वर्षातून दोनदा हसतो.

नाव आदेशनं ठरवलं, ‘डू-वॉप ग्रुप, गडब’. वडखळच्या फ्लेक्सवाल्याला फोनवरच सांगितलं. मागं ट्रक वाजतायत, इकडे हा ओरडतोय. फ्लेक्सवाल्यानं ऐकलं तसं छापलं, ‘धूप ग्रुप, गडब’. वर चौघांचे फोटो, आणि नावाला शोभावं म्हणून त्या शहाण्यानं कोपऱ्यात उदबत्ती काढली, तिच्यातून धुराची वेटोळी. परत छापायला वेळ कुठला, दुसऱ्या दिवशी पेणला कार्यक्रम. तोच लावला. तिथून ते जन्मभराचे धूपवाले झाले.

सुरुवातीची वर्षं मात्र झकास गेली. गणपतीत पेणच्या आळ्याआळ्यांत कार्यक्रम झाले. यज्ञेश सरांनी कुणी कुठला सूर धरायचा ते घटवून घेतलं. अलिबागच्या स्पर्धेत दुसरा नंबर आला, त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. पेणच्या एसटी स्टँडवर पोरं दादाला थांबवून म्हणायची, ‘काका, एक ढुम काढा ना.’ दादा लाजायचा, पण काढायचा. कंडक्टरसुद्धा घंटी मारायचा थांबायचा. त्यानं काळा शर्ट शिवून घेतला होता, ग्रुपचा. तो शर्ट वहिनीला धुवायला द्यायचा नाही, स्वतः धुवायचा.

पण एक झालं होतं. बुवांच्या बाराव्याची गोष्ट पंचक्रोशीत गेली होती. सुतकाचा नियम मोडायचा नाही आणि माणसाला गाण्यानं निरोपही द्यायचा, तर धूपवाल्यांना बोलवा. नागोठण्याहून बोलावणं, कासूहून बोलावणं. आता मयताच्या घरी ‘येत नाय’ असं कसं म्हणणार? हे जायचे. मानपान घ्यायचे नाहीत, चहा पिऊन परत यायचे. लोक हात जोडायचे. आणि यांची पाठ वळली की तेच लोक म्हणायचे, ती मंडळी आली म्हणजे कुठंतरी कुणीतरी गेलंच समजा.

वडखळला एका घरी हळद होती. नवऱ्या मुलानं व्हिडिओ बघून हौसेनं यांना बोलावलं. हे काळे शर्ट घालून मांडवात उभे राहिले, आदेशनं मजेशीर गाणं सुरू केलं, पोरं नाचायला लागली. तेवढ्यात मुलाच्या आत्यानं दादाकडे निरखून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘अगो बाय, ही तर धूपवाली मंडळी. माझ्या सासऱ्याच्या बाराव्याला हीच होती. हळदीच्या मांडवात सुतक आणलंत?’ गाणं जागच्या जागी थांबलं. कुणी भांडलं नाही, हाकललं नाही. हाकललं असतं तर बरं झालं असतं. त्यांना मांडवामागं नेऊन आग्रहानं जेवायला वाढलं. दादाच्या हातात भरलेलं ताट, आणि तिकडे हे उभे होते त्या जागेवर एक बाई गोमूत्र शिंपडत होती. ते त्यानं बघितलं. मग डीजे सुरू झाला.

हे मला नितेशनं सांगितलं. दादा कधी बोलला नाही. तो घरी आला, अंगणात अंघोळ केली आणि काळा शर्ट पेटीत तळाला ठेवला. हळद-लग्नाची बोलावणी त्यानंतर आलीच नाहीत. ज्यांनी आधी सुपारी दिली होती त्यांचे निरोप आले, मुलीच्या मामाला पसंत नाय, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आवडत नाय, राग मानू नका. यज्ञेश सरही क्लास बंद करून पुण्याला मुलाकडे गेले. उरली ती बाराव्यांची बोलावणी.

तिथं दादा जायचा, पण चोरासारखा. शेजाऱ्यांना सांगायचा, शिफ्ट हाय. काळा शर्ट पिशवीतून न्यायचा. टोपी भुवयांपर्यंत ओढून, सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून बसायचा. मला राग यायचा. एकदा विचारलंच, ‘एवढी लाज वाटते तर सोड ना. कुणी धरून ठेवलंय तुला?’ तर म्हणाला, ‘तिथं माणसं रडता रडता गप होतात गो. ते बघितलं की सोडवत नाय.’ 

किमया म्हणजे दादाची एकुलती एक. पनवेलला नर्सिंग शिकली, तिथंच नोकरीला लागली. तिला रोह्याचं स्थळ आलं. मुलगा रोशन, तोही पनवेलला नोकरीला, दोघांची आधीच ओळख होती, म्हणजे काय ते समजा. घर चांगलं, शेती, मुलाचे वडील हैबतराव बाजार समितीत कामाला. फक्त दादाचं तोंड उतरलं. का, तर हैबतरावांच्या वडिलांच्या बाराव्याला हे चौघं गाऊन आले होते. दोन वर्षांपूर्वीच.

आम्ही रोह्याला बोलणी करायला जाणार त्याच्या आदल्या दिवशी दादानं आम्हाला सगळ्यांना समोर बसवलं. ‘ग्रुपचं नाव काढायचं नाय,’ म्हणाला. ‘शुभकार्य हाय. पोरीच्या सासरी कळलं की बाप सुतकी गाणारा हाय, तर आयुष्यभर तिला ऐकवतील. हळदीला कुणी तिच्या अंगाला हात लावणार नाय.’ वहिनी म्हणाली, ‘अहो, त्यांनी तुम्हाला बघितलंय की.’ दादा म्हणाला, ‘टोपी होती. आणि मी मागं बसलो होतो.’ तोंड लपवायची एवढी तयारी केली माणसानं. आवाजाचं काय करायचं हे मात्र त्याच्या डोक्यातच आलं नाही.

पेणहून गाडी धरून आम्ही रोह्याला गेलो. दादा, वहिनी, मी आणि माझा नवरा. ओटीवर खुर्च्या मांडलेल्या, पोहे, चहा. कोपऱ्यात खाटेवर रोशनची आजी बसली होती, इंदुबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला तयार नव्हती. हैबतरावांनी विचारलं, ‘प्रवास कसा झाला?’

‘बरा झाला,’ दादा म्हणाला. एवढंच.

म्हातारीनं मान फिरवली. ‘कोण बोललं?’

‘मुलीचे वडील, आई.’

‘परत बोला बघू, बाबा.’

 मी दादाकडे बघितलं तर कानापर्यंत लाल. म्हातारी खाटेवरून पुढं सरकली. ‘हा आवाज माझ्या घरात येऊन गेलाय. आमचे मालक गेले तेव्हा. सगळे रडत होते, मला रडूच येत नव्हतं, छातीत नुसता दगड. मग तो एक जण मागनं ढुम करायला लागला आणि मला रडू फुटलं. तूच ना रे तो?’

आता मला सांगा, यात लाजण्यासारखं काय होतं? माणसानं म्हातारीचे पाय धरले असते. पण दादाला त्या क्षणी फक्त वडखळचा मांडव दिसला असणार. त्यानं घसा खाकरला आणि असा काही आवाज काढला की माझ्या हातातली पोह्यांची बशी कलंडली. पातळ, वरचा, नाकातला. ‘नाय आजी. मला गाता-बिता येत नाय. मगाशी कफ अडकला होता.’

वहिनीनं पदर तोंडात कोंबला. माझ्या नवऱ्यानं छताकडे बघितलं. म्हातारी मात्र हसली नाही. ‘असेल दुसरा,’ म्हणाली. मग म्हणाली, ‘कुठं भेटला तर सांग त्याला. लोकं त्याला माणूस मेल्यावर बोलावतात. मेल्या माणसाला काय ऐकू येतंय? मला जित्तेपणी एकदा ऐकायचंय.’

‘सांगेन,’ दादा त्या चिरक्या आवाजात म्हणाला. आणि पुढची सगळी बोलणी त्यानं त्याच आवाजात केली. मानपानाची, तारखेची, हॉलची. चांगला दांडगा बाप्या, आणि आवाज बोलक्या बाहुलीसारखा. निघताना पाया पडला तेव्हा म्हातारीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो जरा जास्तच वेळ ठेवला असं मला वाटलं. बाहेर आल्यावर मी त्याला फाडून खाल्लं. तो स्टेशनपर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि बोलला तेव्हा सवयीनं चिरकाच बोलला.

त्या दिवसापासून हे सुरू झालं. रोह्याहून फोन आला की दादा उठून उभा राहायचा, घसा साफ करायचा आणि बाहुलीचा आवाज लावायचा. हैबतराव सज्जन माणूस, दर एक-दोन दिवसांनी फोन करायचे, तोही संध्याकाळीच. काय चाललंय, जेवलात का, भात झोडून झाला का. मला वाटायचं, या माणसाला एवढं बोलायला सुचतं तरी काय? दादाला घाम फुटायचा. सुट्टीत घरी आलेल्या किमयानं पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा ती पोट धरून हसली. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा हसली नाही.

‘बाबा, हा कुणाचा आवाज हाय?’

‘तुझ्यासाठीच करतोय ना.’

‘माझ्यासाठी नका करू. रोशनला मी केव्हाच सांगितलं असतं, पण तुम्ही शपथ घातलीत. तुम्ही लाजता म्हणून मला लाजायला लागतं. मला तर लहानपणी वाटायचं, सगळ्यांचे बाबा असे वाजत असतील.’

 दादा मागच्या दारानं शेतावर गेला. मी किमयाला जवळ घेतलं आणि मनात म्हटलं, लग्न एकदा होऊन जाऊ दे, मग सांगेल तो. वैशाखातली तारीख धरली होती, तेवढे दिवस निघतील असं सगळ्यांनाच वाटत होतं.

माघात इंदुबाई गेल्या. दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. दादा, वहिनी मातीला जाऊन आले. त्यानंतर काही दिवसांनी आदेश टेम्पो आमच्या दारात लावून आला. मी माहेरीच होते. तो दादाला म्हणाला, ‘रोह्याचा फोन होता. हैबतरावांचा. बाराव्याला बोलावलंय आपल्याला. म्हातारीची इच्छा होती म्हणतात.’



‘मी येऊ शकत नाय,’ दादा म्हणाला. ‘मला व्याही म्हणून जायचंय.’

‘मग व्याही म्हणून ये आणि गा. कोण मारतंय?’

‘तिला तोंडावर सांगितलंय मी, गाता येत नाय म्हणून. पोरांसमोर, बायांसमोर. आता तिच्याच बाराव्याला बसून ढुम करू? थोबाड कुठं ठेवू?’

‘तुझ्याशिवाय आमचं गाणं उभं राहत नाय, गोविंदा.’

‘सुशील करेल.’

‘सुशील?’ आदेश म्हणाला. ‘त्याचा ढुम म्हणजे पाण्यात पडलेला बेडूक.’

मीही तोंड सोडलं. म्हटलं, ‘दादा, खोटं बोललास ते बोललास. आता निदान म्हातारीचं ऐक.’ तो माझ्यावर कधी ओरडत नाही, त्या दिवशी ओरडला. खऱ्या आवाजात. ‘पोरीचं लग्न मोडलं तर तू करून देणार हायस?’ आणि मग स्वतःच्याच आवाजाला दचकला.

बाराव्याला आम्ही सगळे रोह्याला गेलो. किमया पनवेलहून परस्पर आली. दिवसभराचे विधी, जेवणं उरकली, उन्हं उतरली तेव्हा अंगणातल्या मांडवात सतरंज्या अंथरल्या. एका बाजूला आदेश, नितेश, सुशील काळे शर्ट घालून बसले. समोर पाहुणे. दादा पांढरा शर्ट घालून पाहुण्यांच्या रांगेत, मधोमध, हैबतरावांच्या शेजारी. व्याही म्हणून त्याला तिथंच बसवलं होतं. मी बायकांच्या बाजूला होते, तिथून मला त्याचं तोंड सरळ दिसत होतं. देवा, शत्रूवरसुद्धा अशी वेळ येऊ नये.

आदेशनं गाणं उचललं. ‘निघालो आम्ही, दार लोटून घ्या, चुलीतला इस्तव झाकून घ्या.’ नितेशनं सूर धरला. सुशील एका तोंडानं टाळही करत होता आणि ढुमही, म्हणजे धड काहीच नाही. दुसऱ्या ओळीला त्याला ठसका लागला. पोरं हसली, कुणीतरी त्यांना दटावलं. आदेशनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा त्याच जागी पाय घसरल्यासारखं झालं. जिथं ढुम यायचा तिथं नुसती रिकामी जागा. गाण्यातलं ज्यांना काही कळत नाही त्यांनाही ती ऐकू येत होती. दादा मांडीवर हात ठेवून सतरंजीकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते, नुसते ओठ.

आदेशनं तिसऱ्यांदा सुरू केलं. त्याचाही आवाज आता कापत होता. ‘निघालो आम्ही...’

ढुम.

पाहुण्यांच्या रांगेतून आला. दादानं मान वर केली नव्हती, जागा सोडली नव्हती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि छातीतून ढुम, ढुम-ढुम, असा येत होता की माझ्या शेजारच्या बाईनं माझा हात धरला. सुशीलनं सुटल्यासारखा टाळ धरला. गाणं उभं राहिलं, चालायला लागलं.

मी जीव मुठीत धरून लोकांकडे बघत होते. आता कोण काय बोलतं, कोण कुणाकडे बघून खूण करतं. पण एक माणूस वळून बघेल तर शपथ. हैबतराव समोर बघत होते. रोशन समोर बघत होता. त्याची आई, काका, काकी, सगळे सरळ समोर.  ज्या माणसाला गाता येत नाही तो अचानक शेजारी बसून असा घुमायला लागला तर कुणीही वळून बघेल. हे कुणीच बघत नव्हते.

गाणं संपलं. दादा उठला, चपला शोधायच्या निमित्तानं मांडवाबाहेर आला. मी मागोमाग गेले. हैबतराव माझ्याही मागून आले. दादानं त्यांना बघितलं आणि हात जोडले. ‘व्याही, मी तुमच्याशी खोटं...’

‘माहीत होतं,’ हैबतराव म्हणाले. ‘तुम्ही त्या दिवशी घरातून बाहेर पडलात तेव्हाच आईनं सांगितलं, तोच हाय. लाजतोय. कुणी विचारायचं नाय, आपण होऊन गाईल तेव्हा गाईल.’

 मीच विचारलं, ‘मग लग्नाला... तुमच्याकडे कुणाची हरकत?’

‘कसली हरकत? आईनं हळदीला यांनाच गायला बसवा म्हणून धरलं होतं.’  चांगला माणूस, टोचून बोलायचं त्यांच्या मनातही नव्हतं, सहज सांगत होते. ‘तिला घाई होती हो. म्हणून तर मी सारखा फोन करायचो. संध्याकाळी तिच्या खाटेवर मोबाइल ठेवायचो, स्पीकरवर. ती कान लावून बसायची. बोलता बोलता चुकून तरी खऱ्या आवाजात बोलाल, म्हणायची. तुम्ही फोन ठेवलात की म्हणायची, आज नाय, उद्या बघू.’

आत आदेशनं दुसरं गाणं सुरू केलं होतं आणि ढुमसाठी थांबला होता. कुणीतरी हाक मारली, व्याही, या. दादा चपलांच्या ढिगाशेजारी मातीतच बसला. मी त्याच्या खांद्याला हात लावला, चल म्हटलं, बोलावतायत. त्यानं तोंड उघडलं, पण आवाज आला तो फोनवरचा, पातळ, चिरका, आणि त्याला तो बदलता येईना.

‘पिंके,’ तो म्हणाला, ‘मी तिला रोज हाच ऐकवला गो.’